फिल्टर काहून अडकत होते

आमच्या घरी भरताची वांगी बाबाच सोलायचे. माय अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करायची, त्यावर वांगी काळी ठिक्कर भाजली जायची, आणि वाफ निघत असतानाच बाबा नुसत्या हाताने ती उचलून साल काढायला बसायचे. पाण्यात बोटं बुडवणं नाही की फुंकर नाही. शेजारची काकू कुंपणावरून पाहायची आणि म्हणायची, "बाप्पा! चटका नाई लागत का तुमाले?" बाबा हसून म्हणायचे, "मशीनवरचा हात हाय हा." आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान होता. माय मात्र त्या वेळी चुलीकडे तोंड करून काहीतरी आवरत राहायची. हे मला तेव्हा दिसत होतं, पण त्याकडे लक्ष द्यावं असं वाटलं नाही. भरीत खाण्याची घाई असायची. हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, वरून कच्चं तेल आणि ज्वारीची भाकर. पत्र्याच्या दोन खोल्यांचं ते घर लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या भिंतीला लागूनच होतं. भिंतीपलीकडे चोवीस तास कसली तरी मशीन घरघरत असायची. पाहुणे आले की त्यांना झोप यायची नाही, आणि आम्ही गावाला गेलो की आम्हाला यायची नाही.

बारावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट पाहत होते. आयटीआयला जायचं, हे माझं मीच ठरवलं होतं. पोरीने मेकॅनिक व्हायचं हे मायला पटत नव्हतं. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. "उन्हाळाभर शेडवर ये. मंग पाहू तुले जमते का," एवढंच त्यांनी सांगितलं. शेड गावंडे भाऊंची. गावंडे भाऊ म्हणजे बाबांचे मालक, पण बाबा त्यांना मालक कधी म्हणाले नाहीत, आणि तेही बाबांना "महादेवभाऊ" म्हणूनच हाक मारायचे. कंपन्यांची हिरवळ, कॉलेजांची मैदानं, एखाद्या मोठ्या माणसाच्या फार्महाऊसची बाग, अशा ठिकाणचं गवत कापायचं कंत्राट ते घेत. त्यासाठी त्यांनी कुठल्याशा मोठ्या मैदानावरून वापरलेल्या तीन गाड्या आणल्या होत्या. बसून चालवायच्या, पोटाखाली पाती फिरणाऱ्या. टेम्पोत चढवून त्या कधी कळंबला जायच्या, कधी पार पुसदपर्यंत. चालवायचे बाबा आणि दुरुस्तीही त्यांचीच.

या गाडीला आपल्या ट्रॅक्टरसारखे गिअर नसतात. इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या जोरावर मागची चाकं फिरतात. पायडल जितका दाबाल तितकी गाडी धावते, सोडला की जागेवर उभी. मला ते पहिल्यांदा समजलं तेव्हा जादू वाटली होती. पण त्या तेलात थोडा जरी कचरा गेला तरी पंप खलास, म्हणून मागच्या चाकाजवळ खालच्या अंगाला पत्र्याचा एक फिल्टर बसवलेला असतो, पाणी प्यायच्या पेल्याएवढा. तो ठरावीक तासांनी बदलायचा. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तेलाने इतकं माखलं होतं की पानं पारदर्शक झाली होती. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते बाबांना वाचून दाखवायची. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, फिल्टर हाताने आवळा, रबर टेकल्यावर पाऊण फेरा, पाना लावू नका. बाबा मान हलवायचे. "पाऊण फेरा म्हंजे किती, ते पुस्तकाले नाई समजत, हाताले समजते," ते म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात मात्र फिल्टर अडकायला लागले. एकेका फिल्टरशी बाबा अर्धा अर्धा दिवस झुंजायचे. पट्ट्याचा पाना लावला तर पट्टा घसरायचा, साखळीचा लावला तर पत्रा चेपायचा पण फिल्टर हलायचा नाही. गावंडे भाऊ दुकानदाराला फोनवरून शिव्या द्यायचे. मोबाईल तेव्हा त्यांच्या एकट्याकडेच होता. "डुप्लिकेट माल देऊन राह्यला का बे? एकबी फिल्टर निघून नाई राह्यला!" दुकानदार शपथा घ्यायचा. त्याचा माल चांगला होता, हे मला नंतर कळलं.

तो दिवस असाच. दुपारचं ऊन पत्र्यातून खाली उतरलं होतं. एक गाडी सकाळभर मैदान कापून नुकतीच आली होती. तेल गरम असताना फिल्टर लवकर सुटतो म्हणून बाबांनी ती लगेच जॅकवर घेतली आणि खाली सरकले. मी शेजारी उकिडवी बसून पाने देत होते. पट्ट्याचा झाला, साखळीचा झाला. शेवटी त्यांनी मोठा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, मागितला, हातोडीने तो फिल्टरच्या पोटातून आरपार ठोकला आणि त्याच्या दांड्याने फिरवायला लागले. पत्रा करकरत फाटला. काळं तेल धार लावून खाली यायला लागलं. त्यातला एक शिंतोडा माझ्या उघड्या पायावर उडाला आणि मी किंचाळले. निखारा पडावा तसं झालं.

"काय झालं वं?" बाबांनी खालूनच विचारलं.

मी वाकून पाहिलं. त्यांचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत त्या धारेत होता. फिल्टर खालून पकडून ते शांतपणे फिरवत होते, आणि माझ्याकडे काळजीने पाहत होते. "भाजलं का? दूर बस थोडी. हे गरम असते."

"बाबा, हात!" मी ओरडले.

"काय हाताले?"

मी त्यांचं मनगट धरून ओढलं. मी धरलं तिथलं कातडं दुधावरची साय सरकावी तसं माझ्या बोटांबरोबर सरकलं. बाबा बाहेर आले, बसले, आणि त्यांनी तो हात डोळ्यांसमोर धरला. दुसऱ्या कोणाची वस्तू चुकून आपल्याकडे आली आहे, अशा नजरेने ते हाताकडे पाहत होते. ते विव्हळले नाहीत. एकदा बोटं उघडली, एकदा मिटली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझा बाप घाबरलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. भाजल्यामुळे ते घाबरले नव्हते. दुखत नाही म्हणून घाबरले होते.

गावंडे भाऊ धावत आले, पाण्याची बादली ओतली, आणि आम्हा दोघांना मोटरसायकलवर मागे बसवून सरकारी दवाखान्यात सोडलं. त्यांना फोन आला म्हणून ते दारातूनच परत गेले. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मेलेलं कातडं कापून पट्टी बांधताना त्यांनी विचारलं, "दुखतंय का काका?" बाबा म्हणाले, "नाई." थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. बाबा पुन्हा नाही म्हणाले. बाईंचा हात थांबला. त्यांनी कापसाची बारीक वात केली, बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, "मी जिथं लावीन तिथं बोट ठेवून दाखवा." दंडाला लावली, बाबांनी बरोबर दाखवलं. पट्टीच्या वरच्या भागाला लावली, डाव्या हाताच्या करंगळीला लावली, तळहाताच्या कडेला लावली. बाबा डोळे मिटून तसेच बसले होते, वाट पाहत. मी समोर उभी होते. वात फिरत होती आणि माझा बाप कुठेच बोट ठेवत नव्हता. मग बाईंनी कोपरामागची नस चाचपली. माझा हात नेऊन मलाही दाखवली. दोरीसारखी जाड लागत होती. शर्ट काढायला लावला तेव्हा पाठीवर फिकट डाग होते, तीन की चार.

त्यांनी रोगाचं नाव घेतलं. आमच्याकडे त्या रोगाचं नाव कोणी मोठ्याने घेत नाही. बाईंनी मात्र सर्दी-खोकल्याचं घ्यावं तसं घेतलं. गोळ्या वर्षभर घ्यायच्या, फुकट मिळतात, पूर्ण बरा होतो, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही, घरच्यांना तपासून घ्या. गेलेली जाणीव मात्र परत येईलच असं सांगता येत नाही. हे सगळं त्या नीट सांगत होत्या आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "माह्या पोरीले त नाई ना?" मला तिथेच तपासलं. नव्हतं. पहिल्या गोळ्या बाबांनी बाईंच्या समोर घेतल्या. घरी येताना आम्ही ऑटोत शेजारी बसलो होतो, आणि माझ्या लक्षात आलं की बाबा बाहेरच्या कडेला सरकत चालले आहेत. माझ्या अंगाला अंग लागू नये म्हणून.

माय दारातच उभी होती. मी रडत रडत सगळं सांगितलं. ती ओरडेल, कपाळ बडवेल असं मला वाटलं होतं. ती आत गेली, तांब्या भरून आणला, बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "मले मालूम होतं."

आम्ही दोघेही तिच्याकडे पाहतच राहिलो.

"पाठीवरचा डाग मीनं दोन वर्षांपयलेच पाह्यला," ती म्हणाली. "तेल लावून देताना चिमटा घेतला होता. तुमाले समजलंच नाई. माह्या मामाले असाच डाग होता. गावानं त्याले नदीपल्याड झोपडीत ठेवलं, तो तिथंच मेला. मी भाकर घेऊन जाओ, त माही माय म्हणे दुरूनच ठेव." तिचा आवाज तोपर्यंत कोरडा होता, आता फुटला. "मले वाटलं, बोलली त खरं होईन."

मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. दोन वर्षं! गरम वांगी सोलताना ती चुलीकडे तोंड का करायची ते मला कळलं, आणि ते कळल्याने राग आणखीच वाढला. आज हे लिहिताना राग नाही. नदीपल्याडची ती झोपडी तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती, मी नाही. पण दोन वर्षांपूर्वी ती बोलली असती तर बाबांची बोटं वाचली असती, हेही खरं आहे, आणि ते खरं लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी आपला पेला स्वतःच वेगळा काढून ओट्याच्या टोकाला ठेवला. मायने तो उचलला आणि आमच्या भांड्यांत घासायला टाकला. बाबांनी पुन्हा काढला. तिने पुन्हा टाकला. असं तीन-चार दिवस चाललं. एका सकाळी बाबा मोरीतून पांढरेफटक होऊन बाहेर आले, लघवी रक्तासारखी लाल झाली म्हणून. मी धावत दवाखान्यात गेले, तर बाई हसून म्हणाल्या, गोळीचा रंग आहे तो, मी सांगितलं होतं. बहुतेक त्यांनी सांगितलं असेलच.

पाचव्या दिवशी गावंडे भाऊ घरी आले. मायने त्यांना चहा दिला. "हात कसा हाय महादेवभाऊचा? दोन गाड्या उभ्या हायेत," ते म्हणाले. माय म्हणाली, "ताप हाय थोडा." तेवढ्यात बाबा आतून बाहेर आले. पट्टीचा हात पुढे धरून ते गावंडे भाऊंच्या समोर उभे राहिले आणि त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. ते नावच, आडपडदा न ठेवता. "औषध सुरू हाय. डॉक्टरीण म्हणते कोणाले लागत नाई आता. तरी तुमाले मालूम पाह्यजे म्हणून सांगून राह्यलो. कामावर ठेवा का नका ठेवू, तुमची मर्जी."

गावंडे भाऊंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ते मागे सरकले, पाय खुर्चीला लागला. हातातल्या कपाकडे त्यांनी एकदा पाहिलं, अर्धा चहा तसाच खाली ठेवला, आणि "येतो" एवढंच म्हणून निघून गेले. मोटरसायकल दोन किकमध्ये सुरू झाली नाही तर ते ती ढकलतच कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले. बाबा दारात उभे होते. "पाह्यलं?" असं ते मायला म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आठवडाभर निरोप आला नाही. शेवटी मीच शेडवर गेले. माझ्या अंगात राग होता आणि त्या रागात मला भीती वाटत नव्हती. गावंडे भाऊ एकटेच होते, तिसऱ्या गाडीच्या फिल्टरला साखळीचा पाना लावून घामाघूम झाले होते. मी म्हणाले, "सरका भाऊ, मी काढते." ते उठून दारापाशी जाऊन उभे राहिले. चांगली दहा पावलं दूर. मी गाडी थोडी चालवून तेल कोमट केलं, हाताला जाड फडकं गुंडाळलं, पेचकस ठोकला. पत्रा फाटला तसा मी ओढून काढून टाकला, फक्त बुडाची चकती उरली. तिच्या कडेला छिन्नी लावून हातोडीचे हलके ठोके देत देत ती गोल फिरवली. अर्धा तास लागला. चकती सुटून हातात आली तेव्हा तिच्यावरचं रबर मी पाहिलं. ते कागदासारखं चपटं झालं होतं, आणि फाडून फेकलेल्या पत्र्यावर साखळीचे दुहेरी व्रण होते. एक काढतानाचा, दुसरा जुना, गंज चढलेला. बसवतानाचा.

मग मला कळलं. बाबांनीच हे फिल्टर पाना लावून आवळले होते. हाताला घट्टपणा लागत नव्हता, तेल गळेल ही भीती होती, म्हणून ते आवळत गेले होते, आणखी थोडं, आणखी थोडं. आणि मी पाऊण फेऱ्याचं वाचून दाखवत असताना ते मान हलवत होते. मी तिथेच चाकाला टेकून रडले. दुकानदाराला दिलेल्या शिव्या आठवल्या. स्वतःच्या हाताबद्दल त्यांना किती दिवसांपासून शंका होती, ते मी त्यांना कधीच विचारलं नाही.

"महादेवभाऊले पयले काय दिसलं होतं?" दारातून गावंडे भाऊंनी विचारलं.

"डाग," मी तुटकपणे म्हणाले. या माणसाशी बोलायचीच इच्छा नव्हती.

"खाजवे का?"

"नाई. काईच समजत नाई तिथं. चिमटा घेतला तरी."

नवा फिल्टर मी हाताने बसवला, चाकं उचलून गाडी मागेपुढे चालवून तेलातली हवा काढली, फडक्याने हात पुसले. "उद्या बी येजो," ते म्हणाले. जवळ मात्र आले नाहीत. मी घरी येऊन मायला सांगितलं की त्यांना आपली किळस येते, पण काम सोडायचं नाही. पुढे वर्षभर बाबा गोळ्या घेत राहिले. त्यांचं अंग सावळं पडलं, मग पुन्हा उजळलं. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. आजही कोणाच्या हाताचं कौतुक झालं, की बघा याला चटकाच लागत नाही, तर मी लाज न बाळगता त्याला पुढे बोलावून हात तपासते. लोक मला विक्षिप्त म्हणतात.

पण हे सांगायचं होतं ते मी फिल्टर काढला त्याच्या पुढच्या रविवारचं. दुपारची जेवणं झाली होती. गावंडे भाऊ आले, दार स्वतःच लोटून घेतलं आणि चटईवर बसले. बाबांच्या अगदी जवळ. कोणाला काही कळेना. त्यांनी शर्टाच्या बाहीचं बटण सोडलं, बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात बाबांच्या पुढे धरला. दंडाच्या आतल्या बाजूला पुरीएवढा फिकट डाग होता.

"दिवाळीपासून हाय," ते म्हणाले. "मी म्हटलं गजकर्ण असन. त्या दिवशी तुमी नाव घेतलं आन्..." हा माणूस आमच्या दारातून का पळाला होता, ते मी तेव्हा समजले. माझं तोंड लाजेने तापलं. त्यांना कोणामुळे झालं, बाबांमुळे की बाबांना त्यांच्यामुळे की दोघांना तिसऱ्याच कोणामुळे, हे कोणालाच कधी कळणार नव्हतं. "डॉक्टरीणबाईनं तुमाले कसं तपासलं होतं, तसं पाहून घ्या ना एकदा. एकटं जायची हिंमत नाई होऊन राह्यली."

बाबांनी मला खूण केली. मायने देवाजवळचा कापूस आणून दिला आणि मी त्याची बारीक वात वळली. "डोळे मिटा भाऊ," बाबा म्हणाले. "जिथं लागन तिथं बोट ठेवा."

मनगटावर वात लावली, त्यांनी बरोबर बोट ठेवलं. खांद्यावर लावली, तिथेही ठेवलं. मग मी ती डागावर आणली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवली, पुन्हा फिरवली, मध्यभागी टेकवून धरली. गावंडे भाऊंचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि बोट हवेत तयार होतं.

"लाव ना वं पोरी," ते म्हणाले.

मायने पदर तोंडाला लावला. बाबांनी आपला पट्टीचा हात पुढे केला आणि गावंडे भाऊंचं ते हवेतलं बोट हळूच खाली घेतलं.

"लवकर सापडला हाय भाऊ," ते म्हणाले. "तुमची बोटं नाई जायची. उद्या सकाळी आठाले निघू. मी येतो संग."

गावंडे भाऊंनी डोळे उघडले नाहीत. ते तसेच बसून राहिले, बाबांचा हात धरून, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं.